पातेलं रिकामं कसं द्यायचं

विजयमालानं वाघोली सोडली तेव्हा लिफ्टमध्ये, जिन्यात, पार्किंगमध्ये जो भेटेल त्याला तिनं एकच गोष्ट ऐकवली.

"इथे काम होतं का काही? सकाळी वरच्यांचं ड्रिल, दुपारी समोरच्यांचं कुरियर, संध्याकाळी खालच्या पोरांचा ढोलाचा सराव. तिकडे बघा, दुप्पट काम करीन. गावात कोण येतंय डोकं खायला?"

तळमजल्यावरच्या काकांनी पेपरातून मान वर काढली नाही. "म्हणजे इथे निम्मंच करत होतात," एवढंच म्हणाले.

पुण्यात निरोप असाच देतात. विजयमालानं तो मनाला लावून घेतला नाही. टेम्पोत गाद्या, गॅस, कपाट आणि नवरा चढवला आणि ती लोणी काळभोरच्या पुढे, आत वळल्यावर लागणाऱ्या चिंचमळा नावाच्या वस्तीवर राहायला गेली.

आता तिचं काम काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा सगळा गोंधळ तुम्हाला कळायचा नाही. पाणी शुद्ध करायची मशिनं विकणारी एक कंपनी होती. त्या मशिनांच्या तक्रारी लोक कॉम्प्युटरवर लिहून पाठवत आणि विजयमाला त्यांना लिहून उत्तरं देई. कुणाचं मशीन गळायचं, कुणाच्या पाण्याला वास यायचा, कुणाकडे आलेला मेकॅनिक घरातलाच पाना घेऊन जायचा. विजयमाला सगळ्यांना सांगे, "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." चाळिशी ओलांडल्यावर, कुठल्याही क्लासला न जाता, मुलीच्या टाकून दिलेल्या कीबोर्डवर ती टायपिंग शिकली होती. आता तर तिच्या बोटांना 'दिलगीर' हा शब्द इतका पाठ झाला होता की पोळ्या लाटतानाही तीच अक्षरं उमटतील अशी भीती वाटे.

या कामात एक ठिपका असतो. माणूस लॅपटॉपसमोर असला की त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. जरा उठला, रेंगाळला, की पिवळा. आणि सगळ्यांचे ठिपके एका पडद्यावर घेऊन दिग्विजय बसलेला असे, ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसल्यासारखा. हा तिचा मॅनेजर. वयानं तिच्या मुलीएवढा.

लॉकडाऊनमध्ये सगळ्यांना घरी बसवलं, ते लोक घरीच रुजले. मग हळूहळू पांगले. कुणी वाईला गेलं, कुणी कोकणात. तेव्हा वरून फर्मान आलं की आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात या. ज्यांना गावातूनच काम करायचंय त्यांनी ते करून दाखवावं, मग बघू. करून दाखवायला पहिली पुढे आली ती विजयमाला.

"मॅम, ट्रायल बेसिसवर हं," दिग्विजय फोनवर म्हणाला होता. "संक्रांतीपर्यंत. तुमचं जमलं तर बाकीच्यांना पण परमिशन मिळेल. वाईला गेलेली नम्रता तर रोज विचारतेय."

"आणि नाही जमलं तर?"

"तर सगळेच ऑफिस, मॅम. नम्रता मला फाडून खाईल."

"ठिपका हिरवाच दिसेल," विजयमाला म्हणाली. "उसासारखा."

तिला ही परवानगी का हवी होती, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. वाघोलीत ती जेवणाच्या टेबलावर काम करायची. प्रत्येक जेवणाला लॅपटॉप उचलायचा, टेबल पुसायचं, पुन्हा मांडायचा. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे संडासाचे पाइप दिसायचे. चिंचमळ्यातल्या भाड्याच्या घरात तिला स्वतःचं टेबल मिळालं होतं. खिडकीला लागून. समोर उसाचा फड, बांधावर बगळे. पहिल्या दिवशी तिनं त्या टेबलावर हात फिरवला आणि उगाचच नाक शिंकरलं. सुखदेवनं विचारलं, "सर्दी झाली का?" ती म्हणाली, "धूळ आहे."

सुखदेव म्हणजे नवरा. कारखान्यातून निवृत्त झालेला, शांत, आणि सांगितलेलं काम तंतोतंत सांगितल्यासारखंच करणारा. हा त्याचा गुण होता. पुढे काय झालं ते बघा.

*

पहिल्याच दिवशी, ती एका गिऱ्हाइकापाशी दिलगीर होत असताना, अंगणातून हाक आली.

"ताई, हायसा का घरात?"

घरमालकीण, चंद्रभागाकाकू. शेजारचंच घर त्यांचं. हातात पातेलं, पातेल्यात चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी.

"वाईच केलं व्हतं. नव्या जागंत पैल्या दिशी चूल कुठं पेटवताय."

भरीत असं होतं की सुखदेवनं जेवताना डोळे मिटले. विजयमालानंही मिटले असते, पण ठिपका पिवळा होईल म्हणून तिनं ते लॅपटॉपसमोरच, टक्क उघड्या डोळ्यांनी खाल्लं.

आता पातेलं परत करायचं. विजयमालाच्या आईनं तिला जन्मात ज्या काही गोष्टी शिकवल्या त्यात ही पहिली होती: शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. शिवाय इतकी वर्षं पुण्यात काढलेल्या माणसाला उपकार अंगावर ठेवून झोप लागत नाही. तिनं पातेलं घासलं आणि पुण्याहून आणलेली बाकरवडी बाहेर काढली. पण पातेल्याला झाकण नव्हतं, उघड्यावरून नेली तर बाकरवडी नरम पडणार. म्हणून ती आपल्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरली. मग पातेलं रिकामं राहिलं. म्हणून पातेल्यात रव्याचे लाडू घातले. डबा आणि पातेलं दोन्ही घेऊन ती स्वतः जाऊन देऊन आली, आणि आल्यावर मोठ्या समाधानानं खुर्चीत बसली. फिट्टंफाट.

फिट्टंफाट कसलं? अहो, सकाळपर्यंत एकच भांडं फिरत होतं. आता दोन झाली.

दुसऱ्या दिवशी काकूंची सून शर्मिला तो डबा घेऊन आली. डब्यात शेंगदाण्याची चटणी. आणि नुसती चटणी कशी द्यायची म्हणून सोबत वाडग्यात घरचं दही. विजयमालानं वाडग्यात गुळाच्या पोळ्या घालून पाठवल्या. पोळ्या कोरड्या लागतील म्हणून सोबत आपल्या वाटीत तूप. तुपाच्या वाटीतून मेथी आली. मेथीबरोबर टोपलं आलं, टोपल्यात हुरडा होता. हुरडा दोघांना किती जाणार? तो तिनं पलीकडच्या घरी थोडा दिला, ताटलीत. ताटली परत येताना घेवड्याच्या शेंगा घेऊन आली आणि तिच्यामागून त्या घरातली बाई, "आमचं पन जरा घ्या की."

महिनाभरात विजयमालाच्या ओट्यावर तिची स्वतःची भांडी कमी आणि वस्तीची जास्त दिसायला लागली. कुणावर काकूंच्या यजमानांचं, कचरूतात्यांचं नाव कोरलेलं, कुणावर कुणाच्या बारशाची तारीख. तिची स्वतःची भांडी घरोघर पांगली होती, लग्न होऊन गेल्यासारखी.

आणि प्रत्येक भांड्यामागे हाक. "ताई, हायसा का?" घरात आहे हे सगळ्या वस्तीला माहीत असताना "नाही" कसं म्हणायचं? उठायचं, दार उघडायचं, "अहो, कशाला" म्हणायचं, "असूं द्या की" ऐकायचं, चहा ठेवायचा. तोवर पडद्यावर कुठल्यातरी साताऱ्याच्या गृहस्थांनी चार प्रश्नचिन्हं आणि "कोणी आहे का तिकडे??" असं लिहून ठेवलेलं असायचं. ठिपका तर असा पिवळा, की हळदीला लाज वाटावी.

"मॅम," एक दिवस दिग्विजय म्हणाला, "जस्ट एक फीडबॅक आहे. तुमचा ठिपका..."

"नेटवर्क," विजयमाला म्हणाली.

"नेटवर्क गेलं तर ठिपका ग्रे होतो, मॅम. पिवळा म्हणजे माणूस गेलेला असतो."

"माणूस इथेच आहे रे बाबा," ती म्हणाली. तिच्या दुसऱ्या हातात तेव्हा झारा होता.

खरं तर तिनं एक दिवस फक्त एक भांडं तसंच ठेवून पाहिलं असतं तर? पण नाही. वस्ती काय म्हणेल? पुण्याच्या लोकांकडे गेलं की "जेवूनच आला असाल" असं म्हणतात, ही कीर्ती चिंचमळ्यातही पोचलेली होती. सगळ्या पुणे शहराची अब्रू आपल्या एकटीच्या झाऱ्यावर आहे असं तिला वाटायला लागलं. म्हणून ती पहाटे उठून शंकरपाळे तळू लागली. वाघोलीत बारा वर्षांत जेवढं तळलं नव्हतं तेवढं तिनं या महिन्यात तळलं.

मध्ये एकदा तिनं युक्ती केली. "अहो, तुम्हीच देऊन या ना भांडी. पटकन द्या आणि रिकाम्या हातानं परत या."

सुखदेव गेला. बऱ्याच वेळानं आला. मिशीला ताक लागलेलं आणि काखेत भोपळा.

"रिकाम्या हातानं या म्हटलं होतं मी."

"आलोय की," सुखदेव म्हणाला. "हात रिकामेच आहेत."

*

मग एका सोमवारी दिग्विजयचा फोन आला. आवाज बारीक.

"मॅम, फ्रायडेला पूर्णिमा मॅडम स्वतः व्हिडिओ कॉल घेणारेत. हेड ऑफिसच्या. वर्क एन्व्हायर्नमेंट बघायचंय म्हणे. तुमचे ठिपके त्यांनी पाहिलेत."

"बरं."

"मॅम, प्लीज, कॉलमध्ये उठू नका. एकदा पण नाही. डायरेक्ट त्यावरच डिसिजन आहे."

विजयमालानं खिडकीबाहेर पाहिलं. बगळे बांधावर उभे होते. तिला मात्र समोर वाघोलीतले पाइप दिसायला लागले.

तिनं ठरवलं. शुक्रवारच्या आत एकही भांडं फिरतं राहता कामा नये. वस्तीची सगळी भांडी वस्तीत आणि आपली सगळी आपल्या घरात. बुधवारी तिनं चिवडा केला, एवढा की परातीत मावेना. गुरुवारी सुखदेवच्या हातून वस्तीचं प्रत्येक भांडं चिवडा घालून परत गेलं. राहिली तिची स्वतःची. ती परत येणार ती भरून येणार, आणि भरून आली की पुन्हा चक्र सुरू.

"अहो, आता आपली भांडी मागून आणा. सगळी. आणि रिकामीच द्या म्हणावं. काही घालू नका, आता पुरे, असं स्पष्ट सांगा."

सुखदेव गेला आणि सांगितलं तसं तंतोतंत बोलला. काकू अंगणात तूर पाखडत होत्या.

"काकू, आमची भांडी द्या. सगळी. रिकामीच द्या. ही म्हणते, आता पुरे."

काकूंचा हात थांबला. शर्मिलानं आतून डबे आणून दिले. पुढच्या घरीही तेच, त्याच्या पुढच्या घरीही.

"आणली," सुखदेव घरी येऊन म्हणाला. "लगेच दिली. कुणी बस म्हणालं नाही की चहा विचारला नाही."

"उत्तम," विजयमाला म्हणाली. आपली भांडी तिनं ओट्यावर ओळीनं पालथी घातली आणि सैन्य घरी परतल्यासारखी त्यांच्याकडे बघत बसली. त्या संध्याकाळी कुणाचीही हाक आली नाही. चिंचमळ्यात आल्यापासूनची पहिली शांत संध्याकाळ. तिला ती जरा जास्तच शांत वाटली, पण ते तिनं हवेवर ढकललं.

*

शुक्रवारी तिनं इस्त्रीची साडी नेसली. कानांवर मोठे हेडफोन चढवले, म्हणजे बाहेरचं काही ऐकू येऊन लक्ष विचलित व्हायला नको. पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःचा चेहरा दिसला की तिला सारखे केस सारखे करावेसे वाटत, म्हणून त्या चौकोनावर तिनं चिकटणारा कागद लावला. सुखदेवला अंगणात खुर्ची टाकून दिली.

"कुणाला आत सोडायचं नाही. आणि कुणी आलंच तर आवाज करू देऊ नका. एवढं जमेल ना?"

"जमेल."

कॉल सुरू झाला. पूर्णिमा मॅडम पन्नाशीच्या, चष्मा नाकावर, मागे पांढरी भिंत. शेजारच्या चौकोनात दिग्विजय, परीक्षेला बसल्यासारखा.

"विजयमालाताई, आपला ठिपका दिवसातून बऱ्याचदा पिवळा होतो," पूर्णिमा मॅडम म्हणाल्या. "कारण कळेल का?"

"सुरुवातीला बस्तान बसायला वेळ लागला, मॅडम. आता अगदी स्थिरस्थावर आहे."

"गाव म्हटलं की माणसांची ये-जा असते. त्याचा व्यत्यय?"

"छे हो. इथे कोण येतंय? निवांत असतं."

या वाक्यावर दार हळूच ढकललं गेलं. हेडफोनमुळे विजयमालाला काही ऐकू आलं नाही. चंद्रभागाकाकू चपला हातात घेऊन, पाय न वाजवता आत आल्या. अंगणात सुखदेव त्यांना म्हणाला होता, "आत मीटिंग चालू आहे. आवाज करायचा नाही." त्याला म्हणायचं होतं, जाऊ नका. त्यांनी ऐकलं ते एवढंच की आवाज न करता जा. काकूंच्या हातात खिरीचं पातेलं होतं. ते त्यांनी विजयमालाच्या मागे जमिनीवर अलगद ठेवलं आणि पदर तोंडाला लावून भिंतीशी उभ्या राहिल्या.

पूर्णिमा मॅडमनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे दिवसभरात कोणीच येत नाही?"

"कोणीच नाही, मॅडम."

शर्मिला आली. तिच्या हातात टोपलं.

"शेजारीपाजारीसुद्धा?"

"इथे ज्याचा तो आपल्या शेतात. माणसाचं तोंड दिसत नाही."

यावर पलीकडच्या घरातली ती घेवड्यावाली आली, तिच्यामागे आणखी दोघी, त्यांतल्या एकीच्या काखेत एक गुबगुबीत मूल. सगळ्यांनी आपापली भांडी ठेवली. ठेवताना आवाज होऊ नये म्हणून एकमेकींना डोळ्यांनी दटावलं. खोली भरली. मुलानं पडद्याकडे पाहून हात हलवला. पूर्णिमा मॅडमनी नकळत हात हलवला.

पडद्याच्या तळाशी दिग्विजयची चिठ्ठी उमटली: "मॅम मागे".

विजयमालाला वाटलं, आपण कॅमेऱ्याच्या फार जवळ बसलोय. तिनं शहाण्यासारखी खुर्ची मागे सरकवली.

खुर्चीचा पाय पातेल्याला लागला. पातेलं कलंडलं. ती दचकून उठली, तर हेडफोनची वायर टेबलाला अडकून लॅपटॉपमधून निसटली आणि एका कानाचा हेडफोन तुटून खिरीत पडला. मोकळ्या झालेल्या कानात पहिला आवाज आला तो हुंदक्याचा.

"ताई," चंद्रभागाकाकू म्हणाल्या, "काय चुकलं वं आमचं?"

विजयमाला वळली. तिच्या घरात निम्मी वस्ती उभी होती. पायांपाशी भांडीच भांडी आणि त्यांच्यामधून खीर वाट काढत चालली होती.

"काकू? अहो, काय झालं?"

"भांडी मागून न्येली तुमी. रिकामी." काकूंनी डोळे पुसले. "माज्या जावंनं अशीच न्येली व्हती मागून. त्याला किती वर्सं झाली, आजून बोलत न्हाई ती. रातभर डोळा न्हाई लागला माजा. भरतात केस निगाला का? का चटनी खारट झाली? सांगून तरी टाका. आन घर सोडनार असाल तर..."

"घर सोडून कुठे जातेय मी?" विजयमाला म्हणाली. "अहो काकू, काही चुकलं नाही हो तुमचं. भरीत तर असं होतं की... मला कामच करता येईना. तुमचं भांडं आलं की मी तळायला बसायची. ते परत दिलं की दुसरं यायचं. माझी नोकरी जायची वेळ आली."

काकूंचं डोळे पुसणं थांबलं. "म्हंजी? तुमाला हौस न्हवती?"

"मला? मला वाटलं, तुम्हाला आहे."

"मला कुठली हौस?" काकू म्हणाल्या. आवाजातलं रडू निघून गेलं होतं. "कंबरडं मोडलं माजं. तुमचा डबा आमच्या घरी, तो रिकामा कसा द्यायचा?"

"आणि तुमचं पातेलं माझ्या घरी, ते कसं रिकामं द्यायचं?"

"आत्या रोज म्हनायच्या," शर्मिला मागून म्हणाली, "ह्या पुन्याच्या ताईंनी पार कामाला लावलं. कवा थांबायच्या कोन जानं. कांदा काढायचा ऱ्हायलाय आमचा."

"तू गप," काकू म्हणाल्या.

"बाकरवडी खाऊन तात्यांची दाढ हलली, ते बी सांगा की."

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच. विजयमाला खिरीत उभी राहून हसत होती आणि डोळेही पुसत होती, तेवढ्यात लॅपटॉपमधून आवाज आला.

"चिमूटभर साखर."

सगळ्यांनी वळून पाहिलं. कॉल चालूच होता.

"आमची आई चिमूटभर साखर घालायची," पूर्णिमा मॅडम म्हणाल्या. "भांड्याच्या तळाशी. म्हणजे ते रिकामंही जात नाही आणि कुणाला स्वयंपाकही पडत नाही. एवढं सोपं आहे ते."

काकू पडद्याजवळ गेल्या, वाकून बघितलं. "ह्या कोन?"

"ह्या माझ्या मोठ्या साहेब."

"शानी बाई हाय," काकू म्हणाल्या. मग पडद्याला उद्देशून, जरा मोठ्यानं, कारण पुणं लांब आहे: "बाय, आमच्यामुळं ह्यांचं काम काढून घिऊ नगा. आमी आता साखरच घालू. आन तुमी बी या एकदा. खीर सांडली, पन पुन्ना करीन."

पूर्णिमा मॅडमनी चष्मा काढून पुसला. "विजयमालाताई, आपण मला सांगितलंत की इथे माणसाचं तोंड दिसत नाही."

"दिलगीर आहे, मॅडम," विजयमाला म्हणाली. बोटांना पाठ होतं ते तोंडातूनही आलं.

"गुढीपाडव्यापर्यंत वाढवते. पण ठिपका हिरवा हवा. आणि खोटं कारण नको."

दिग्विजयनं आपल्या चौकोनात कपाळाचा घाम पुसला आणि बहुधा नम्रताला फोन लावायला नाहीसा झाला.

*

दुसऱ्या दिवशीपासून चिंचमळ्यात साखरेचा कायदा लागू झाला. काम असेल त्या दिवशी भांड्यात साखर, रविवारी काय ते करा. ठिपका हिरवागार झाला. साताऱ्याच्या गृहस्थांना उत्तर इतक्या झटकन गेलं की त्यांनी "तुम्ही यंत्र आहात का?" असं विचारलं.

आणि खरं सांगायचं तर, पहिल्यांदा काकूंकडून ते मोठं पातेलं तळाशी चिमूटभर साखर घेऊन आलं ना, तेव्हा विजयमालाला कसंसंच झालं. तिनं पातेलं उन्हाकडे धरून बघितलं. एवढंच? भरिताच्या वासाची तिला इतकी सवय झाली होती की दुपारी कामात खंड पडून ती स्वतःच अंगणाच्या दारापर्यंत जाऊन येई. कुणी हाक मारत नव्हतं. मग परत येऊन हिरवी होई.

पण हा काही गोष्टीचा शेवट नव्हे. तुटलेला हेडफोन दुरुस्तीला सुखदेव पुण्याला बुधवार पेठेत निघाला, तेव्हा विजयमालाच्या मनात आलं की पूर्णिमा मॅडमनी केवढे उपकार केले. आणि उपकार अंगावर ठेवून, तुम्हाला माहीतच आहे, तिला झोप लागत नाही.

"हे एवढे शंकरपाळे त्यांच्या ऑफिसात देऊन या."

सुखदेवनं तिच्याकडे पाहिलं. मग डब्याकडे. "प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतेस का?"

"पिशवीत? मोठ्या साहेब आहेत त्या. पिशवीत काय?"

"मग डबा परत आणायचा?"

"अर्थात. स्टीलचा आहे."

सुखदेवनं डबा पिशवीत ठेवला. सांगितलेलं काम तो करतो.

पुढच्या आठवड्यात तो दुरुस्त झालेला हेडफोन आणायला गेला आणि डबा घेऊन परत आला. विजयमाला एका तक्रारीच्या मध्यात होती. तिनं उठता उठता पिशवीकडे पाहिलं. डब्याबरोबर पिशवीत आणखी एक डबा होता, अनोळखी, निळ्या झाकणाचा.

"हा कुणाचा?"

"दिग्विजयच्या आईचा," सुखदेव म्हणाला. "तिला कळलं म्हणे, आपल्याकडे असं चालतं."

"आणि आपल्यात? साखर घातली असेल त्यांनी. त्यांनीच तर सांगितलं होतं सगळ्यांना."

"असेल."

मागे पडद्यावर ठिपका पिवळा होत होता. विजयमालानं आपला डबा कानाशी धरला आणि हळूच हलवला.

चिमूटभर साखरेचा एवढा आवाज येत नसतो.